हळू बोलण्याचा हुकूम

तिचा आवाज आधी यायचा आणि ती मागून. प्रसूतिकक्षातून निघालेला आवाज जिन्यावरून खाली उतरायचा, बाह्यरुग्ण विभागातल्या बाकांवरून फिरायचा आणि दवाखान्याच्या भिंतीपलीकडं शिंप्याच्या दुकानात जाऊन बसायचा. "लाव जोर! अजून! थांबू नको, लाव!" असं ऐकू आलं की शिंप्याचा पाय मशीनवर आपोआप जोरात पडायचा, आणि मग शिवण वाकडी गेली म्हणून तो स्वतःलाच शिव्या द्यायचा.

तोंडावर सगळे तिला सिस्टर म्हणत, पाठीमागं तोफ. तिला ते ठाऊक होतं. घरी भावाच्या संसारात तिचा आवाज कुणाला चालत नसे. भाचा म्हणायचा, "आत्या, हळू बोल ना, टीव्ही ऐकू येत नाही." वहिनी नुसतंच दार लावून घ्यायची. जगात एकच खोली अशी होती जिथं त्या आवाजाला काम होतं. म्हणून ती खोली तिची होती. बाळंत होऊन गेलेल्या बायकांनी तिच्यावर ओवीसुद्धा जुळवली होती:

तोफ वाजली दारात,
कळ निघाली जोरात,
बाळ आलं गं घरात
तिच्या धाकानं.

ओवी ऐकून तोफ हसली होती. पण सगळ्याच बायका ओव्या जुळवत नाहीत. एकीच्या भावानं लेखी तक्रार केली, की सिस्टरनं माझ्या बहिणीला ऐन कळांमध्ये म्हैस म्हटलं. तोफेनं आठवून पाहिलं. म्हटलं होतं खरं. त्याच बाईला तिनं दिवसभर चमच्यानं पाणी पाजलं होतं, पाठ चोळून चोळून स्वतःचे हात सुजवून घेतले होते, बाळाला पहिल्यांदा छातीशी लावताना तिचे केससुद्धा नीट मागं बांधून दिले होते. बाईच्या लक्षात मात्र एक म्हैस राहिली.

"मी मायेनं म्हटलं होतं," ती मावशीला म्हणाली. मावशी म्हणजे कक्षातली सफाई करणारी आया. तिच्याच वयाची, तिच्याइतकीच जुनी.

"मला म्हणा बरं मायेनं," मावशी म्हणाली.

तोफेनं धुतलेली भांडी मोजायला घेतली.

तर अशा तक्रारी बऱ्याच साठल्या होत्या, तोफेच्या आणि इतरांच्याही, आणि त्यावर वरिष्ठांनी उपाय काढला. परिचारिकांना करुणा शिकवायची. भिंतीवर चित्रं लागली. दोन हातांची ओंजळ, ओंजळीत एक लालचुटूक हृदय, खाली ओळ: 'आवाज खाली, नजर समोर, हात खांद्यावर.' शिकवायला बाहेरून एक बाई आल्या. इतक्या हळू बोलायच्या, की शेवटच्या रांगेतल्या सिस्टर एकमेकींना विचारून विचारून ऐकत. पहिल्याच दिवशी पाठीमागं त्यांचं नाव मऊबाई पडलं.

करुणेचा वर्ग जेवणाच्या सुट्टीत भरायचा, कारण कामाच्या वेळेत करुणेला वेळ काढणं कुणालाच परवडणारं नव्हतं. रात्रपाळी करून थांबलेली एक सिस्टर तिथं बसल्या बसल्या पेंगली, तेव्हा परिचारिकांच्या प्रमुख, मेट्रन, मागून कडाडल्या, "ए, झोपायला आलीस का? करुणा काय घरी शिकणार आहेस?" मऊबाई मात्र हसतमुखानं सांगत राहिल्या, "आपला आवाज कसा हवा? दुधावरच्या सायीसारखा."

"साय यायला दूध आधी उकळावं लागतं, बाई," तोफ म्हणाली. सगळ्या जणी हसल्या. मऊबाईसुद्धा हसल्या आणि त्यांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

शेवटी परीक्षा होती. मऊबाई प्रत्येकीच्या कामाच्या ठिकाणी येऊन उभ्या राहणार, काम बघणार आणि ठरवणार. जी नापास होईल तिची बदली चादरीच्या खोलीत. चादरीची खोली म्हणजे तळघरातलं, डांबरगोळ्यांच्या वासाचं, धुऊन आलेल्या चादरींच्या थप्प्यांचं राज्य. तिथं कुणी विव्हळत नाही, कुणी जन्मत नाही, आणि ओरडलं तरी चादरी घड्या मोडत नाहीत.

मेट्रननी तोफेला बोलावून सांगितलं, "तुझ्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी आहे. आवाज आवर. नाहीतर तुझं अवघड आहे."

त्या दिवसापासून तोफ मऊ व्हायला लागली.

सुरुवात तिनं मावशीपासून केली. जवळ जाऊन, नजर समोर ठेवून, खांद्यावर हात ठेवून ती सायीच्या आवाजात म्हणाली, "मावशी, जरा ती बादली इकडं देता का?"

मावशीच्या हातातला झाडू गळून पडला. "कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही गेलं. बादली."

"खरं सांगा सिस्टर. माझ्या घरून फोन आला का?"

गोम अशी होती, की त्या कक्षात मऊ आवाज पूर्वीपासून होताच. पण तो एकाच कामासाठी राखून ठेवलेला होता. बाळ रडलं नाही, ठोके सापडले नाहीत, आतून डॉक्टर मान खाली घालून बाहेर आले, की तोफ हात धुवायची, नातेवाइकांपाशी जायची, खांद्यावर हात ठेवायची आणि अगदी हळू बोलायची. त्या भागातल्या घराघरांना ते माहीत होतं. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण आई लेकीला, सासू सुनेला घेऊन यायची तेव्हा बाकावर बसून कान आत लावून ठेवायची. तोफ ओरडतेय ना? मग सगळं ठीक चाललंय. आतून आवाज यायचा थांबला, की बाहेर बसलेल्या बायका पदर तोंडाशी न्यायच्या.

आता अशा ठिकाणी तोफेनं एके दिवशी बाहेर येऊन एका तरुण बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मृदू स्वरात सांगितलं, "तुम्हाला मुलगी झाली." बाप भिंतीला टेकत टेकत खाली बसला. त्याच्या आईनं असा टाहो फोडला, की आतली बाळंतीण घाबरून रडायला लागली, ती रडतेय म्हणून बाळ रडायला लागलं, आणि बाळाचं रडणं ऐकून मग कुठं बापाला विश्वास आला.

"मेट्रन, बायका घाबरतात हो," तोफ सांगायला गेली.

"सवय होईल."

"मला का त्यांना?"

"दोघांनाही. आणि हे बघ, आत्ता कशी छान बोललीस. असंच बोलत जा."

परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रसूतिकक्षात एकच बाई होती. लांबसडक, कमरेखाली जाणारी वेणी, आणि ती वेणी तिनं मुठीत दोरासारखी घट्ट धरलेली. तोफेनं तिला दारातच ओळखलं. आधीच्या खेपेला ही याच खोलीत होती. सगळे महिने भरले होते आणि बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हा वेणीवालीच्या खांद्यावर हात ठेवून हळू बोलणारी तोफच होती.

ही खेप मात्र सुरळीत चालली होती. पाणी वेळेवर गेलं, कळा नेमानं येत होत्या, ठोके घोड्याच्या टापांसारखे पळत होते. तोफेनं तपासलं. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं होतं, डोकं खाली उतरलं होतं. आता फक्त जोर लावायचा.

कोपऱ्यात मऊबाई उभ्या होत्या. छातीशी फळी, फळीवर कागद, हातात पेन. दार अर्धवट उघडं होतं आणि पलीकडं वेणीवालीची सासू कान लावून बसली होती.

तोफेनं एक मोठा श्वास घेतला. तो आवाज तिच्या पोटातून निघाला, छातीपर्यंत आला, गळ्यात आला. तिथं तिला चादरींच्या थप्प्या दिसल्या. तिनं आवाज गिळला, वेणीवालीच्या खांद्यावर हात ठेवला, नजर समोर ठेवली, आणि म्हणाली, "मी तुमच्यासोबत आहे. हळूहळू जोर लावा हं."

वेणीवालीचा चेहरा पांढराफटक पडला. कळ आली आणि ती कळ तिनं दात आवळून अडवून धरली. गुडघे मिटले. कळ ओसरून गेली.

"काय झालं?" तोफेनं तशाच मऊ आवाजात विचारलं.

"गेलं ना?" वेणीवाली म्हणाली.

"नाही गं. असं काय बोलतेस?"

"मग अशा का बोलताय? तुम्ही मागच्या वेळी अशाच बोलला होता." तिच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं, नुसते ते मोठे मोठे होत चालले होते. "मला नाही जोर लावायचा. आत आहे तोवर माझं आहे. बाहेर काढलं की तुम्ही घेऊन जाल."

दाराबाहेर सासूनं हंबरडा फोडला. "अगं आई गं, पुन्हा तेच!"

पुढची कळ आली, तीही तिनं अडवली. डोकं खाली आलेलं असताना आईनं अशा कळा अडवत राहणं बाळाला झेपत नाही, हे तोफेइतकं कोण जाणत होतं? कोपऱ्यात पेन कागदावर टेकलेलं होतं.

मग तोफेनं ठरवलं. गेली चादरीची खोली खड्ड्यात. तिनं गळा मोकळा केला आणि आवाज चढवला, "ए बाई! वेडी का खुळी तू? लाव जोर! आधी लाव, मग रड!"

पलीकडं शिंप्याचं मशीन खडखडलं असणार. बाहेर सासू एकदम गप्प झाली. तोफेला वाटलं, जमलं.

वेणीवालीनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

"ओरडू नका," ती म्हणाली. "ओरडू नका माझ्यावर. मागच्या वेळी तुम्ही दिवसभर ओरडत होता, मी लावत होते जोर, तुम्ही म्हणाल तसा लावत होते, आणि मग अचानक हळू बोलायला लागला." तिनं धाप टाकली. "हळूही बोलू नका आणि ओरडूही नका. नुसतं सांगा ना काय चाललंय ते."

तोफेपाशी दोनच आवाज होते. एक तिनं जन्मभर वापरला होता, दुसरा जपून ठेवला होता, आणि ही पोर दोन्ही परत करत होती. कान झाकून बसलेल्या बायका आधीही होत्या का? असतील. ओरडण्याच्या नादात तिनं कधी बघितलं नव्हतं.

"सिस्टर," भिंतीशी उभी असलेली मावशी म्हणाली, "सांगा की तिला. मला चहा पिताना सांगता ना, आज अमकीचं डोकं असं होतं, तमकीचं तसं होतं. तसं सांगा."

तोफेनं स्टूल ओढलं आणि खाटेपाशी बसली. कळांच्या वेळी ती आजवर कधी बसली नव्हती.

"हे बघ," ती म्हणाली, आणि तिला स्वतःलाच नवल वाटलं, कारण आवाज ना साय होता ना तोफ. पाय पसरून, कपबशी गुडघ्यावर ठेवून ती मावशीशी बोलायची तोच आवाज. "बाळाचं डोकं खाली आलंय. माझ्या या दोन बोटांच्या पेराइतकं आत आहे. केस आहेत डोक्यावर, तुझ्यासारखे दाट. मघाशी ठोके ऐकले तेव्हा चांगले होते. आत्ता कसे आहेत ते मी न ऐकता तुला सांगणार नाही. मला माहीत नसलेलं मी तुला चांगलं म्हणूनही सांगणार नाही. ऐकूया?"

वेणीवालीनं कानांवरचे हात काढले. मावशीनं यंत्र दिलं. तोफेनं ते पोटावर सरकवलं. खरखर, खरखर, मग काहीच नाही. वेणीवालीनं श्वास धरला. तोफेनंही धरला. कोपऱ्यात मऊबाईंनीही धरला. तोफ म्हणाली, "थांब हं, अजून सापडले नाहीत, बाळ खाली सरकलंय म्हणून जागा बदललीय, मी शोधतेय," आणि हात जरा खाली नेला. टापा ऐकू आल्या. धावत, धापा टाकत, पण भरदार.

"हे तुझं," ती म्हणाली. "जरा दमलंय. त्याला तिथं अवघडलंय. पुढची कळ आली की आपण त्याला मदत करायची. किती जोर लावायचा ते तुला आतून कळेल. चुकलं तर मी सांगेन."

"तुम्ही इथंच बसणार?"

"कुठं जाते मी?"

कळ आली. वेणीवालीनं वेणी सोडली आणि तोफेचा दंड धरला. तिला टेकायला दुसऱ्या बाजूनं कुणीतरी हवं होतं, मावशीचे हात कपड्यांत गुंतले होते, म्हणून तोफ मान न वळवता म्हणाली, "मऊबाई, तो पाय धरा!"

पाठीमागचं नाव तोंडावर निघून गेलं होतं. मग फळी खाली पडल्याचा आवाज झाला आणि मऊबाईंनी पाय धरला. घट्ट, दोन्ही हातांनी, जणू पाय सुटला तर सगळी खोली वाहून जाईल.

"छान. डोकं दिसतंय. आता जोर नको, नुसता श्वास सोड, फुंकर घाल. हं. खांदा आला. हा घे."

बाळ आलं आणि आल्याबरोबर असं रडलं, की मावशी म्हणाली, "झालं, नवी तोफ आली." वेणीवाली हसत होती की रडत होती हे कुणालाच सांगता आलं नसतं. मऊबाईंच्या कपड्यांवर पाणी आणि रक्त होतं, आणि त्यांनी पाय अजून सोडला नव्हता.

"सोडा आता," तोफ म्हणाली. "तिचा आहे तो."

निकाल लागला. मऊबाईंचा कागद कक्षातल्या फरशीवर भिजून गेला होता, म्हणून त्यांनी नवा लिहिला. तोफ पहिली आली होती. नुसती पहिली नव्हे, मऊबाईंनी लिहिलं होतं की असं काम मी कुठंच बघितलेलं नाही आणि हे सगळ्या परिचारिकांना शिकवलं गेलं पाहिजे. मेट्रन आनंदानं खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"अभिनंदन! तुझी बढती झाली. आजपासून तू करुणा-प्रशिक्षक. वरच्या मजल्यावर हॉल, टेबल, पंखा, स्वतःची खुर्ची."

"आणि प्रसूतिकक्ष?"

"तिथं दुसरी येईल. तुझं आता उभं राहून काम करायचं वय आहे का?"

तोफेनं बोटांवर मजले मोजले. "म्हणजे नापास झाले असते तर तळघरात गेले असते, आणि पास झाले तर वरच्या मजल्यावर. मधल्या मजल्यावर राहायला काय व्हावं लागतं?"

मेट्रनना हा विनोद वाटला. त्या हसल्या.

पहिल्या तासाला सिस्टर पेनं उघडून बसल्या होत्या. मेट्रननी फळ्यावर लिहून ठेवलं होतं: 'विषय: चहाच्या वेळचा आवाज.' तोफ टेबलामागं उभी राहिली. ती बोलायला लागली, आणि आवाज नेहमीचाच आला. पुढच्या रांगेतलीनं वही छातीशी धरली. तोफेनं आवाज खाली आणला, तर साय झाली, आणि मागच्या रांगेत एकीनं दचकून शेजारणीचा हात धरला. मधला काही केल्या सापडेना. चाळीस डोळे समोर असताना माणूस चहा पिताना बोलतो तसं कसं बोलणार?

"सिस्टर," एकीनं विचारलं, "पेशंटजवळ बसायचं ते डावीकडं की उजवीकडं?"

"जिकडं स्टूल असेल तिकडं."

ते सगळ्यांनी लिहून घेतलं.

तेवढ्यात खालून एक आवाज आला. प्रसूतिकक्षातून, एका बाईचा, पहिलटकरणीचा. तोफेनं बोलणं थांबवलं आणि त्या आवाजाला कोण उत्तर देतंय याची वाट पाहिली. उत्तर आलं नाही. बाई पुन्हा ओरडली. पुन्हा कुणी नाही. तोफ टेबलामागून निघाली आणि दाराकडं चालू लागली.

"हे पण लिहायचं का, सिस्टर?" एकीनं खरोखरच विचारलं.

"लिही," जिन्यावरून आवाज आला.

खाली तिच्या जागी आलेली तरुण सिस्टर खाटेपाशी उभी होती. ती गायब नव्हती, निष्काळजी नव्हती, नुसती घाबरली होती. ओरडायचं नाही असा हुकूम होता आणि हळू बोललं की बाई अजून जोरात रडत होती, म्हणून तिनं बोलणंच सोडून दिलं होतं. मावशीनं तोफेला बघून नुसते डोळे मिटून उघडले.

तोफ खाटेपाशी गेली नाही. ती तरुण सिस्टरच्या मागं जाऊन उभी राहिली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ पत्र्यासारखी ताठ होती.

"जेवलीस का गं?"

"नाही."

"बरं. मी आहे आता. डोकं कुठवर आलंय?"

पोरीनं तपासून सांगितलं.

"हेच तिलाही सांग. मला सांगितलंस तसंच. तिचंच आहे ते, तिला आधी कळायला हवं."

पोरीनं सांगितलं. आवाज कापरा होता, पण त्यात माहिती होती. बाई रडता रडता थांबली आणि ऐकायला लागली.

दारात गर्दी झाली होती. सगळा वर्ग वह्या घेऊन जिना उतरून आला होता.

"आत यायचं नाही," तोफ म्हणाली, आणि मग पहिलटकरणीकडं वळली. "या शिकायला आल्यात. यांना बघू देशील? नको असेल तर नको म्हण. तुझी खोली आहे ही."

बाईनं दाराकडं बघितलं. तिला इतके चेहरे नको होते. मग तिनं बोट दाखवलं. "ती, वही छातीशी धरलेली. ती एकटी येऊ दे."

ती एकटी आत आली. दार लागलं. बाहेर मेट्रन धापा टाकत पोहोचल्या तेव्हा उरलेला वर्ग भिंतीला टेकून उभा होता.

बाळ झालं, सगळं आवरलं, आणि तोफ हात पुसत बाहेर आली तेव्हा मेट्रन अजून तिथंच होत्या.

"हा काय प्रकार आहे? हॉल रिकामा, पंखा चालू!"

"हॉलमध्ये शिकवता येत नाही, मेट्रन. मी करून बघितलं. इथं येतं."

"मग इथं शिकव. पण सगळ्यांना एकदम का नाही घेतलं?"

"बाई एकीलाच हो म्हणाली."

"म्हणजे एका वेळी एक?" मेट्रन मनातल्या मनात मोजायला लागल्या. वर्गातल्या सिस्टर, मग दुसऱ्या पाळीतल्या, मग दरवर्षी नव्या येणाऱ्या. त्यांचे ओठ हलत राहिले. "अशानं तुझं प्रशिक्षण संपणार कधी?"

"तेच तर," तोफ म्हणाली. आत पहिलटकरणीनं पाणी मागितलं होतं, ती तिकडं वळली. "दुसरी कोण येणार आहे, तिला आधी जेवून यायला सांगा."